हवा काढली की सुरू, दोन दिवसांनी पुन्हा बंद: जुन्या ट्रॅक्टरचा सकाळचा त्रास

संध्याकाळी वावरातून आणलेला ट्रॅक्टर धडधाकट असतो. सकाळी चावी फिरवली की सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. मिस्त्री येतो, दोन नट ढिले करतो, पंप मारून फेस काढतो, ट्रॅक्टर सुरू होतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात हा त्रास डिसेंबर-जानेवारीत वाढतो, म्हणून दोष थंडीवर ढकलला जातो. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता हे खरं, पण तशा सकाळी विरळाच. १०-१२ अंशांत धड डिझेल इंजिन फार कुरकुर न करता सुरू व्हायला हवं. होत नसेल तर दोष आधीपासून आहे, थंडीने तो फक्त उघडा पाडला.

डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. हवा शिरते कुठून ते सापडलं तरच दुरुस्ती झाली, नाहीतर मिस्त्रीची फेरी ठरलेलीच.

पुढचं सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी आहे: महिंद्रा २६५, मॅसी १०३५, स्वराज ७३५, एचएमटी, फोर्ड ३६०० आणि त्यांच्या पिढीतले बाकीचे. कॉमन रेलच्या नव्या इंजिनांचे नट असे ढिले करायचे नाहीत, त्यांचा दाब जीवघेणा असतो.

पाना हातात घेण्याआधी धूर बघा

एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे नजर ठेवायची. अर्धं निदान इथेच होतं.

सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाही. हवा, तुंबलेला फिल्टर, बंद कॉक किंवा अडकलेला स्टॉप, यांपैकी काहीतरी. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलचा वास असलेला धूर निघतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तिथे हवा काढत बसणं व्यर्थ, कारण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब), नोझल (डिझेल फवारणारा भाग), टायमिंग (फवारण्याची वेळ) किंवा सेल्फचा मंद वेग यात आहे. काळा धूर सुरू होताना निघाला तर आधी एअर क्लीनर बघा. ऑइल बाथच्या वाटीत खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलेलं असतं किंवा जाळी कापसाच्या तंतूंनी आणि मातीने गच्च झालेली असते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरात पाखरांचं घरटं आणि एअर क्लीनरच्या नळीत उंदराने जमवलेला कचरा निघणं नवीन नाही. सायलेन्सरवर उपडा डबा घालण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण ती फुकट आहे. बंद करायची दांडी ओढून सोडल्यावर पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येतो का, ते बॉनेट उघडून डोळ्यांनी पाहा. केबल गंजली की दांडी आत गेलेली दिसते, पण लिव्हर अर्ध्यावरच अडकून राहतो. बोटाने ढकलून पूर्ण चालू स्थितीत न्या आणि मग सेल्फ मारा. यावर सुरू झाला तर केबलमध्ये ऑइल सोडा, परतीची स्प्रिंग बदला. नोझल काढून झाल्यावर हा दोष सापडला की फार जीवावर येतं.

सेल्फच मंद फिरत असेल

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतक्या वेगाने दाबली गेली पाहिजे की तिच्या उष्णतेने डिझेल पेटेल. इंजिन मिनिटाला १५० फेऱ्यांच्या खाली फिरलं तर दाबलेली हवा रिंगांमधून निसटायला आणि लायनरला उष्णता द्यायला वेळ मिळतो, आणि पेटण्याइतकं तापमान होतच नाही. म्हणून "फिरतोय तर खरं" एवढ्यावर समाधान मानू नये.

मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या बॅटरीचा व्होल्टेज घ्या. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० च्या खाली रिकामीच समजा. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी तरी गेली किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. हायड्रोमीटरने सहाही खण तपासा: भरलेल्या बॅटरीत १.२५० ते १.२८०, आणि एखादा खण बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ती बॅटरी कितीही चार्ज करा, उपयोग नाही. नागपूरच्या बाजूला बॅटरी मरते मे महिन्यात आणि कळतं डिसेंबरमध्ये. ४५ अंशांत पाणी उडतं, पट्ट्या उघड्या पडतात, पण गरम इंजिन सहज फिरतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहायला हवी. विहिरीचं किंवा आरओचं पाणी नको.

मीटर नसेल तर हात आहे. पाच-सहा सेकंद सेल्फ मारून लगेच दोन्ही टर्मिनल, सेल्फवरचा जाड वायरीचा नट आणि चेसिसवरचा अर्थिंगचा बोल्ट यांना हात लावा. जो गरम लागेल तो जोड खराब. बहुतेक वेळा अर्थिंग निघतं, कारण रंग मारताना त्या जागेवरही रंग बसलेला असतो. जोड उघडा, पॉलिशपेपरने पितळ-लोखंड चकचकीत करा, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नट कसा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. ती जोडाच्या आत नाही, वर लावायची.

सेल्फ मुळीच हलत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवा. लाइट पार मंदावला तर बॅटरी, जोड किंवा इंजिन जाम. लाइट तसाच लख्ख आणि "टक" आवाजही नाही, तर चावी, सोलेनॉइडची बारीक वायर किंवा न्यूट्रलचा सेफ्टी स्विच. "टक" होतो पण फिरत नाही आणि लाइटही मंदावत नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर आर्मेचर जळतं आणि एकाचे दोन खर्च होतात.

हवा शिरते कुठून

आता मुख्य दुखणं. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतची बाजू ही ओढणारी बाजू. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं. ढकलणाऱ्या बाजूला भेग असली की डिझेल बाहेर गळतं, धूळ चिकटते, काळा ओला डाग पडतो, आंधळ्यालाही सापडेल. ओढणाऱ्या बाजूच्या केसाएवढ्या भेगेतून मात्र डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणूनच "कुठेच गळत नाही, तरी हवा घेतो" असं ऐकू येतं. गळत नाही त्याच जागी शोधायचं असतं.

एक खूण लक्षात ठेवा: टाकी भरलेली असताना सकाळी नीट सुरू होतो आणि पाव टाकीवर आला की त्रास देतो, तर दोष नक्की ओढणाऱ्या बाजूला. टाकी भरलेली असताना डिझेलचं वजनच लाइनमध्ये दाब ठेवतं, पातळी उतरली की तो दाब जातो.

खात्री करायची तर फिल्टर ते डिझेल पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप) यामधल्या पाइपच्या जागी फूटभर पारदर्शक डिझेल-नळी क्लिप लावून बसवा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुड्यांची माळ दिसली की हवा ओढली जातेय. मग टाकी वगळा: पाच लिटरचा स्वच्छ डबा बॉनेटपेक्षा उंच टांगा, त्यातून नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला द्या, हवा काढा, ट्रॅक्टर चालवा, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी एका झटक्यात सुरू झाला तर फीड पंप, फिल्टर, डिझेल पंप बहुधा निर्दोष. चोर बहुधा टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या हातभर लाइनीत आहे. सकाळी तोच त्रास झाला तर फीड पंप किंवा त्याच्या पुढे बघा. या एका डब्याने हजारोंचं पंपाचं काम वाचतं.

ओढणाऱ्या बाजूला संशयित ठरलेलेच असतात. रबरी नळी, जी क्लिपखाली चिरलेली असते आणि वाकवल्याशिवाय भेग दिसत नाही. लोखंडी पाइपचं फुलवलेलं तोंड, जे थरथरीने तडकतं. काचेच्या वाटीचं कडक झालेलं पॅकिंग. पहिल्या फिल्टरची रबरी रिंग: नवा फिल्टर टाकताना जुनी रिंग वरच्या खाचेत चिकटून राहते, नवी तिच्यावर बसते आणि दोन रिंगा एकमेकींवरून सरकतात. फिल्टर बदलल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर आधी ही रिंग पाहा.

आणि तांब्याचे वायसर. पाइपच्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी एकेक असतात. एकदा दाबले गेले की कडक होतात, दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत. मिस्त्री हवा काढताना तेच वायसर पुन्हा वापरतो, त्यामुळे दुरुस्तीतूनच पुढच्या बिघाडाची सोय होते. नवे वायसर चहाच्या पैशांत मिळतात. आडरानात नसतीलच तर जुना वायसर चिमट्यात धरून लालबुंद तापवा आणि पाण्यात विझवा. लोखंड असं केलं की कडक होतं, तांबं मात्र मऊ पडतं. कड पॉलिशपेपरवर सपाट घासा आणि बसवा, वेळ निभावते. नट पिळून पिळून कसणं हा उपाय नाही, त्याने फिल्टरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्याचे आटे जातात.

फीड पंपातही दोन छोट्या झडपा असतात. त्यांच्याखाली कचऱ्याचा कण अडकला की रात्रभरात डिझेल मागे उतरतं. हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) दाबून सोडल्यावर तो मऊ लागत असेल, नीट भरत नसेल, तर झडपा काढून डिझेलमध्ये धुवा, स्प्रिंग पाहा. प्रायमरची मूठ वापरून झाल्यावर पुन्हा आट्यात घट्ट बसवायला विसरू नका, सैल मुठीतूनही हवा शिरते. रोटरी पंपाच्या (एकाच फिरत्या रोटरने सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या) मॅसीसारख्या इंजिनांना बाजूला डायफ्रामचा पंप आणि हाताची छोटी कांडी असते. ती कांडी कधी कधी ढिली, निर्जीव लागते. पंप खराब नसतो, आतला कॅम नेमका वरच्या टोकावर थांबलेला असतो. इंजिन एक फेरी फिरवा, कांडीला जोर येतो. डायफ्राम फाटला तर डिझेल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवरची पातळी वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास आहे का तेही बघा. असेल तर ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका.

दोष काढल्यावर हवा काढायची ती टाकीकडून नोझलकडे, उलट नाही. टाकीत किमान निम्मं डिझेल, कॉक पूर्ण उघडा. पहिल्या फिल्टरचा वरचा स्क्रू दोन आटे ढिला करा, प्रायमर मारा. आधी नुसता फुसफुस आवाज, मग फेस, मग फेसाशिवाय सलग धार येईल. धार आल्यावर आणखी दहा वेळा मारा आणि धार चालू असतानाच स्क्रू बंद करा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलच्या टोकाचे नट, बहुधा १७ किंवा १९ नंबरचा पाना लागतो, एकेक फेरी ढिले करा, थ्रॉटल पूर्ण द्या, सेल्फ मारा. प्रत्येक नटातून झटक्याने डिझेल उडायला लागलं की कसा. तिथे बोट लावून पाहू नका. या दाबाचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट जायची वेळ येते. असं झालं तर फडकं बांधून बसू नका, लगेच मोठं हॉस्पिटल गाठा.

टाकी आणि तिच्यातलं पाणी

जुलै ते सप्टेंबर काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालता येत नाही, तो शेडमध्ये उभा असतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलावा जमतो, पाणी तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काळा, चिकट, शेवाळासारखा गाळ तयार होतो आणि तोच फिल्टर तुंबवतो. महिन्यातून एकदा, सकाळी ट्रॅक्टर हलवण्याआधी टाकीचा खालचा बोल्ट ढिला करून पाण्याच्या पारदर्शक बाटलीत पाव लिटर काढा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. उभा ठेवायचा असेल तर टाकी भरून ठेवा.

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. कुंभारीण माशी ते मातीने बुजवते. ट्रॅक्टर नीट सुरू होतो, अर्ध्या तासाने दम सोडून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालतो, असं असेल तर बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. "फुस्स" झालं की निदान झालं. तारेने भोक मोकळं करा.

ड्रममधल्या डिझेलबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डिझेलच्या भारतीय मानकात उन्हाळी मालाचा पोर पॉइंट (ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान) १५ अंशांपर्यंत आणि हिवाळी मालाचा ३ अंशांपर्यंत चालतो. मेमध्ये भरून ठेवलेला ड्रम जानेवारीच्या ६-७ अंशांच्या सकाळी वापरला तर त्यातलं मेण फिल्टरच्या कागदावर बसू शकतं. ऊन वर आल्यावर हेच इंजिन बिनतक्रार सुरू होतं. थंडीला खरा दोष द्यायचा तर तो इथे.

पांढरा धूर, पण पेट नाही

हीटर प्लगची इंजिनं आणि मॅनिफोल्डला (हवा आत नेणाऱ्या नळकांड्याला) हीटर असलेली इंजिनं आधी तपासा. १५-२० सेकंद गरम करूनही जागा थंडच राहत असेल तर प्लगपर्यंत करंट येतो का, टेस्ट लॅम्पने पाहा. प्लग एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असले तर एक उडाला की सगळे गेले.

मग कॉम्प्रेशन. गेज असेल तर जुन्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात २५ ते ३० किलो दाब यावा. २० च्या खाली सकाळचं सुरू होणं अवघड. गेज नसेल तर स्टॉप ओढून ठेवा आणि पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांडीचा पाना लावून इंजिन सावकाश दोन फेऱ्या फिरवा. तीन सिलिंडरच्या इंजिनात तीनदा सारखाच जड झटका लागला पाहिजे. एक झटका हलका लागला तर त्या सिलिंडरचं टॅपेट, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट, आधी पाहा. फट कमी झाली की वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि दाबलेली हवा तिथून जाते. फट बहुतेक इंजिनांत ०.२५ ते ०.३० मिमीच्या आसपास असते, पण आकडा आपल्याच इंजिनाच्या पुस्तकातला घ्या, आणि ती थंड इंजिनाची की गरम तेही वाचा. टॅपेट ठीक आणि ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर चालू इंजिन भकाभका वाफ टाकतंय, तर रिंगा आणि लायनर संपलेत. त्यावर फिल्टर-नोझलचा खर्च करू नका.

नोझल टेस्टिंगला देताना सगळी एकदम द्या. फवारा धुक्यासारखा हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. बसवताना खालचा जुना तांब्याचा वायसर भोकात चिकटून राहिलेला नाही ना, टॉर्च लावून पाहा. दोन वायसर झाले की नोझल वर उचलला जातो आणि नवं नोझल टाकूनही धूर तसाच राहतो. पंप काढून बसवल्यापासून पांढरा धूर येत असेल तर आधी खुणा जुळल्यात का ते तपासा.

पाना लावून फिरवताना इंजिन मध्येच ठाम अडलं तर जोर लावू नका आणि सेल्फ तर मुळीच नको. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर हेड गॅसकेटमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून फिरवा, पाणी बाहेर उडेल. टोचन लावण्याआधी ही तपासणी हवीच, कारण वाकलेल्या रॉडपैकी बरेच टोचनाने वाकतात.

इथरचा स्प्रे किंवा पेट्रोलचं फडकं एअर क्लीनरला लावायची सवयही सोडा. ते वेळेआधी पेटतं, रिंगा तुटतात, आणि हीटर चालू असेल तर मॅनिफोल्डमध्येच भडका होतो. सेल्फच्या दोन नटांवर पाना टेकवून स्पार्क देणं त्याहून वाईट. सेफ्टी स्विच वगळला जातो, ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असतो आणि माणूस मागच्या चाकापुढे उभा असतो.

उलटा त्रास: सकाळी सुरू, दुपारी नाही

मे महिन्यात रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरांची तक्रार नेमकी उलटी असते. सकाळी एका झटक्यात सुरू, दोन तास चालवून बंद केला की तासभर सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या रोटर-हेडच्या फटीतून आतल्या आत निसटतं, नोझलपर्यंत दाब पोचत नाही. तपासणी सोपी आहे. पंपाभोवती ओलं फडकं गुंडाळा, पाच-सात मिनिटं थोडं थोडं पाणी शिंपडत राहा. थेट बादली ओतू नका, आतले भाग आवळून पंप जाम होऊ शकतो. फडक्याने पंप निवल्यावर इंजिन लगेच धरलं तर पंपाचं हेड-रोटर बदलायला आलं. हंगाम निघेपर्यंत फडक्यावर काम भागतं, पण वखरणीच्या मध्ये ट्रॅक्टर बंद न करता मंद चालू ठेवावा लागेल, आणि टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे जून लागण्याआधीच नंबर लावा, पेरणी तोंडावर आली की तिथे रांग असते.